अमेरिकेतील राज्य चाचण्यांना मुलांना न बसवण्याबाबत मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की सरकारी शाळांकडून घरी एक ठरावीक पत्र येते : राज्य चाचण्यांच्या तारखा, मुलांना लवकर झोपवा, सकाळी पोटभर नाश्ता द्या, त्या दिवसांत डॉक्टरांची वेळ घेऊ नका. परीक्षेला न बसण्याचा पर्याय आहे की नाही, याबद्दल मात्र त्या पत्रात बहुधा एक ओळही नसते. मी न्यूयॉर्क राज्यात राहते. माझी दोन्ही मुले सरकारी शाळेत शिकली. मुलगा प्रत्येक चाचणीला बसला आणि मुलीच्या बाबतीत आम्ही दोन वर्षे नकार दिला. त्यामुळे ओळखीतले पालक दर वसंतात हे प्रश्न विचारतात. पुढील उत्तरे एका पालकाने दुसऱ्या पालकासाठी लिहिलेली आहेत. शेवटचा शब्द आपल्या राज्याच्या शिक्षण खात्याचा आणि आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेच्या, लेखी धोरणाचाच समजावा.

नेमक्या कोणत्या परीक्षांबद्दल हे चालले आहे?

केंद्रीय कायद्यामुळे प्रत्येक राज्याला घ्याव्या लागणाऱ्या चाचण्यांबद्दल. तिसरी ते आठवीपर्यंत दर वर्षी वाचन आणि गणित, हायस्कूलमध्ये याच दोन विषयांची एकदा, आणि विज्ञानाची तिसरी ते पाचवी, सहावी ते नववी व दहावी ते बारावी या तीन टप्प्यांत प्रत्येकी एकदा, असा हा किमान साचा आहे. प्रत्येक राज्यात परीक्षेचे नाव वेगळे असते. टेक्सासमध्ये तिला स्टार म्हणतात, न्यूजर्सीत एनजेएसएलए, पेनसिल्व्हेनियात पीएसएसए. कॅलिफोर्नियातील चाचण्या सीएएएसपीपी या छत्राखाली येतात.

वर्गशिक्षिका घेतात त्या धड्यावरच्या चाचण्या, स्पेलिंगची शुक्रवारची परीक्षा, सहामाही प्रगतिपुस्तक यांचा येथे संबंध नाही. त्या अभ्यासाचाच भाग आहेत आणि त्या नाकारण्याचा प्रश्न उद्भवत नाही. डिस्ट्रिक्ट स्वतःहून वर्षातून दोन-तीनदा संगणकावर घेते त्या चाचण्यांचा निर्णय स्थानिक पातळीवर होतो. खासगी शाळांना हा केंद्रीय नियम लागू नाही. चार्टर शाळांना मात्र आहे, कारण त्या सरकारी निधीवरच चालतात. चौथी आणि आठवीतील काही निवडक मुलांना दिली जाणारी नेप नावाची राष्ट्रीय चाचणी विद्यार्थ्यांसाठी कायद्यानेच ऐच्छिक आहे. तिच्यात एकेका मुलाचा निकाल दिलाच जात नाही, त्यामुळे तिची चिंता करण्याचे कारण नाही.

शाळेची परीक्षा नाकारण्याची ही चळवळ कुठून सुरू झाली?

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. २००२ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही केली आणि वार्षिक चाचण्या देशभर सक्तीच्या झाल्या. २०१४ पर्यंत देशातील प्रत्येक मूल वाचनात आणि गणितात ‘प्रवीण’ ठरले पाहिजे, असे त्या कायद्याचे उद्दिष्ट होते. शंभर टक्के मुलांच्या प्रावीण्याचे हे उद्दिष्ट बहुतेक शाळा गाठू शकणार नव्हत्या, तरीही ते न गाठणाऱ्या शाळांवर वर्षागणिक कठोर होत जाणारी कारवाई ठेवलेली होती. पुढे २००९ मध्ये ओबामा सरकारने ‘रेस टू द टॉप’ ही ४.३५ अब्ज डॉलरची स्पर्धात्मक अनुदान योजना आणली. हा पैसा मिळवण्यासाठी अनेक राज्यांनी शिक्षकांचे मूल्यमापनही विद्यार्थ्यांच्या गुणांना जोडले. मुलाची परीक्षा ही अशा रीतीने शिक्षकांची आणि शाळेचीही परीक्षा झाली, आणि माझ्या मते बिघाड इथेच सुरू झाला. डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच इशारा दिला होता की, एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय टांगावेत तितका तो आकडा भ्रष्ट होतो आणि ज्या कामाचे मोजमाप करायचे ते कामही विकृत होते. अटलांटात तेच दिसले. तेथे २००९ च्या चाचण्यांमधील उत्तरे शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनीच खोडून बदलल्याचे चौकशीत उघड झाले आणि २०१५ मध्ये अकरा जण न्यायालयात दोषी ठरले.

पालकांचा विश्वास उडण्याला लहान प्रसंगही कारणीभूत झाले. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आठवीच्या परीक्षेत एका सशाशी शर्यत लावणाऱ्या अननसाचा उतारा आला. त्यावरचे प्रश्न इतके निरर्थक होते की मोठ्यांनाही उत्तरे देता येईनात, आणि अखेर राज्याने ते प्रश्न गुणांतून वगळले. २०१३ च्या जानेवारीत सिएटलच्या गारफील्ड हायस्कूलमधील शिक्षकांनी डिस्ट्रिक्टची एक चाचणी घेण्यास नकार दिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये कॉमन कोअर या नव्या अभ्यासमानकांवर पहिली परीक्षा झाली आणि ‘प्रवीण’ ठरलेल्या मुलांचे प्रमाण एकदम साधारण एक तृतीयांशाच्या खाली आले. आदल्या वर्षापर्यंत ‘उत्तम’ शेरा मिळवणाऱ्या मुलांच्या हातात ‘अप्रवीण’ असा कागद पडला. २०१४ मध्ये राज्यातील सुमारे ५ टक्के मुलांनी परीक्षा नाकारली होती. २०१५ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर गेले. संख्येत सांगायचे तर दोन लाखांहून अधिक मुले. लाँग आयलंडवरच्या कित्येक वर्गांत परीक्षेच्या दिवशी निम्म्याहून अधिक बाके रिकामी होती.

या दबावाचा परिणाम झाला, हे नोंदवले पाहिजे. न्यूयॉर्कने २०१६ पासून वेळेची मर्यादा काढली आणि २०१८ पासून प्रत्येक विषयाची परीक्षा तीन दिवसांवरून दोन दिवसांवर आणली. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ या नव्या केंद्रीय कायद्याने चाचण्या कायम ठेवल्या, पण त्यांच्या निकालावरून काय करायचे याचे बरेचसे अधिकार राज्यांकडे परत दिले.

परीक्षा नाकारणे हा आपला कायदेशीर हक्क आहे का?

आपण कोणत्या राज्यात राहता यावर हे पूर्णपणे अवलंबून आहे, आणि सर्वांत जास्त गैरसमज याच प्रश्नाभोवती आहेत. केंद्रीय कायदा राज्यांना परीक्षा घ्यायला लावतो, पण पालकांनी नकार द्यावा की नाही याबाबतच्या राज्याच्या किंवा स्थानिक कायद्यावर आपण कुरघोडी करणार नाही, असेही तो स्पष्ट म्हणतो. शिवाय ‘टायटल वन’ हा केंद्रीय निधी घेणाऱ्या डिस्ट्रिक्टने, चाचण्यांतील सहभागाविषयीचे आणि नकाराविषयीचे धोरण काय आहे ही माहिती मागण्याचा पालकांना अधिकार आहे, हे पालकांना कळवणे बंधनकारक आहे. तेव्हा पहिली पायरी म्हणजे हे धोरण लेखी मागणे. शेजारणीने सांगितलेल्या किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या माहितीवर विसंबू नये. ती बहुधा दुसऱ्याच राज्याची असते.

कॅलिफोर्नियात स्थिती सर्वांत सरळ आहे. तेथील शिक्षण संहितेच्या ६०६१५ व्या कलमानुसार पालकांनी लेखी विनंती केली तर मुलाला राज्य चाचणीच्या सर्व किंवा काही भागांतून वगळणे शाळेवर बंधनकारक आहे. शिक्षकांना या हक्काबद्दल पालकांशी बोलता येते, पण नकार द्या असे सुचवता येत नाही. म्हणून शाळेतून कोणी स्वतःहून काही सांगितले नाही तर ती लपवाछपवी समजू नये. ओरेगनमध्ये २०१५ च्या कायद्याने पालकांना कारण न सांगता नकार देण्याची मुभा मिळाली, आणि त्यासाठी राज्याचा ठरावीक अर्ज आहे. कोलोरॅडोतही २०१५ पासून प्रत्येक डिस्ट्रिक्टला नकाराची कार्यपद्धती ठरवावी लागते, आणि नकार दिलेल्या मुलावर कोणतीही प्रतिकूल कारवाई करण्यास मनाई आहे. मिनेसोटात राज्यच नकाराचा अर्ज प्रसिद्ध करते. युटामध्येही पालकांचा हा हक्क कायद्यात लिहिलेला आहे.

पेनसिल्व्हेनियाचा मार्ग वेगळा आहे. तेथे परीक्षेच्या दोन आठवडे आधी प्रश्नपत्रिका पालकांना शाळेत जाऊन, गोपनीयतेची हमी देऊन पाहता येते, आणि ती आपल्या धार्मिक श्रद्धेशी विसंगत वाटल्यास लेखी सूट मागता येते. इलिनॉयमध्ये पालकांना नकाराचा अधिकार दिलेला नाही. परीक्षा समोर ठेवल्यावर मुलाने स्वतः नकार दिला तर तो ग्राह्य धरला जातो. आठ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हे ओझे टाकणे मला पटत नाही, पण तेथील नियम तसा आहे. न्यूयॉर्क आणि न्यूजर्सीत नकाराला परवानगी देणारे कलम कायद्यात नाही. प्रत्यक्षात मात्र पालकांचे पत्र गेल्यावर मुलाला परीक्षेला बसवले जात नाही, आणि न्यूयॉर्कमध्ये त्याची नोंद ‘नकार’ अशी केली जाते.

टेक्सासची गोष्ट नीट लक्षात ठेवावी. तेथील शिक्षण संहितेच्या २६.०१० कलमात असे स्पष्ट लिहिले आहे की परीक्षा टाळण्यासाठी पाल्याला वर्गातून काढून नेण्याचा पालकांना हक्क नाही. ह्यूस्टन किंवा डॅलसला बदली झालेल्या आणि आधी कॅलिफोर्नियात राहिलेल्या कुटुंबांची येथे फार निराशा होते.

मुलांच्या संगोपनाचा पालकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आहे, मग परीक्षेचा का नाही, असेही काही जण विचारतात. १९२३ चा मेयर विरुद्ध नेब्रास्का आणि १९२५ चा पिअर्स हे निकाल त्यासाठी पुढे केले जातात. ते महत्त्वाचे आहेत, पण त्यांत परकीय भाषा शिकवण्याचा आणि खासगी शाळा निवडण्याचा प्रश्न होता. सरकारी शाळेत राहून तेथील परीक्षा नाकारण्याचा नव्हता. प्रिन्सिपलना लिहिलेल्या पत्रात हे निकाल घालू नयेत.

आपण नकार दिला तर शाळेचे पैसे कापले जातात का?

कायद्यात ९५ टक्के सहभागाची अट आहे. एकूण विद्यार्थ्यांची, आणि आर्थिक दुर्बल, अपंग, इंग्रजी शिकणारी मुले अशा प्रत्येक गटाचीही. ही अट मोडल्यास काय करायचे ते बहुतांशी राज्य ठरवते. २०१५ नंतर न्यूयॉर्कमध्ये एवढ्या मोठ्या प्रमाणावर नकार दिले गेले तरी त्या कारणासाठी शाळांचा केंद्रीय निधी बंद झाला नाही. त्यामुळे ‘तुमच्यामुळे शाळेची ग्रँट जाईल’ असे कोणी म्हणाले, तर ते कोणत्या नियमानुसार हे नम्रपणे, पण लेखी विचारावे.

शाळेच्या गुणपत्रकावर मात्र परिणाम होतो, आणि तो मान्य केला पाहिजे. समजा एखाद्या शाळेत १०० मुले आहेत, ६० परीक्षेला बसली आणि त्यांतली ४५ प्रवीण ठरली. बसलेल्यांपैकी ७५ टक्के मुले प्रवीण आहेत. पण केंद्रीय सूत्रानुसार भागायचे ते किमान ९५ ने, म्हणून शाळेचा निकाल ४७ टक्के दिसतो. चांगल्या शाळेचे नाव कागदावर असे खाली येऊ शकते, आणि ज्या प्रिन्सिपलबाईंना आपण ओळखतो त्यांना याचे उत्तर द्यावे लागते. नकार देताना हे माहीत असावे.

मूल नापास होईल का? वरच्या वर्गात जाण्यात अडचण येईल का?

आमच्या आईने व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न हाच विचारला होता : “अगं, परीक्षाच दिली नाही तर पुढे ढकलतील कसे तिला?” ज्यांनी वार्षिक परीक्षेच्या निकालावरच पास-नापास ठरताना पाहिले आहे, त्या पिढीला, आणि खरे तर आपल्या पिढीलाही, ही धास्ती वाटणे स्वाभाविक आहे.

बहुतेक राज्यांत तिसरी ते आठवीच्या या चाचण्यांवर वर्ग बदलणे अवलंबून नसते. न्यूयॉर्कमध्ये तर हे गुण मुलाच्या कायमस्वरूपी नोंदीत घालण्यास कायद्याने मनाई आहे, आणि वरच्या वर्गात पाठवण्याचा किंवा तुकडी ठरवण्याचा निर्णय मुख्यतः या गुणांवर घेता येत नाही. फ्लोरिडा हा मोठा अपवाद आहे. तेथे तिसरीच्या वाचन चाचणीत सर्वांत खालची पातळी मिळालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याचा नियम आहे. त्याला काही सवलती आहेत, त्यांत मुलाच्या वर्षभराच्या कामाचा पोर्टफोलिओ हीही एक आहे. २०१६ मध्ये तेथील काही पालकांनी मुलांना प्रश्नपत्रिका उघडून फक्त नाव लिहायला आणि पुढे काहीही न सोडवता बसायला सांगितले. यामुळे ‘सहभाग’ झाला असे त्यांचे म्हणणे होते. मुलांना तिसरीतच ठेवल्यावर ते न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने पालकांची बाजू घेतली, पण २०१७ च्या मार्चमध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. फ्लोरिडातील पालकांनी हा मार्ग आता पुन्हा चोखाळू नये.

आणखी एक गोष्ट शांतपणे तपासावी. गणिताच्या वरच्या तुकडीसाठी किंवा विशेष हुशार मुलांच्या गिफ्टेड कार्यक्रमासाठी आपले डिस्ट्रिक्ट इतर गोष्टींबरोबर राज्य चाचणीचे गुण पाहते का? काही ठिकाणी पाहतात. नकार दिलेल्या मुलासाठी पर्यायी निकष काय, हे परीक्षेच्या आधी विचारावे. नंतर विचारणाऱ्या पालकांची फार ओढाताण होते.

हायस्कूलमध्येही हेच लागू होते का?

नाही. येथे घाई करू नये. न्यूयॉर्कमध्ये रीजंट्स या हायस्कूलच्या विषयवार राज्य परीक्षा डिप्लोमाशी, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राशी, जोडलेल्या आहेत. तिसरी-चौथीच्या चाचणीसारखे पत्र लिहून त्या टाळता येत नाहीत. न्यूजर्सीत डिप्लोमासाठीच्या चाचणीला एसएटीसारख्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षांचे गुण किंवा पोर्टफोलिओ हे पर्याय आहेत, पण त्यांच्या मुदती पाळाव्या लागतात. मॅसॅच्युसेट्समध्ये एमकॅस ही राज्य चाचणी उत्तीर्ण होण्याची डिप्लोमासाठीची अट २०२४ च्या नोव्हेंबरात मतदारांनी रद्द केली, मात्र केंद्रीय नियमामुळे परीक्षा अजूनही घेतली जाते. काही राज्ये अकरावीची राज्य चाचणी म्हणून एसएटी किंवा एसीटीच घेतात. तेथे नकार देणे म्हणजे शाळेच्या दिवशी, फी न भरता मिळणारी संधी सोडणे.

घरची भाषा मराठी लिहिली म्हणून मुलाची इंग्रजीची वेगळी चाचणी घेतात. तीही नाकारता येते का?

हा प्रश्न खास आपल्या लोकांचा आहे आणि त्याचे उत्तर फार थोड्या ठिकाणी नीट मिळते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. शाळेत नाव घालताना एक भाषाविषयक पत्रक भरावे लागते : मूल प्रथम कोणती भाषा बोलू लागले, घरात कोणती भाषा बोलतात. तेथे आपण अभिमानाने ‘मराठी’ लिहितो, आणि लिहावेच. त्यानंतर मुलाची एक प्राथमिक इंग्रजी चाचणी होते. तीत ठरावीक पातळी आली नाही, तर मुलाची ‘इंग्रजी शिकणारा विद्यार्थी’ अशी नोंद होते आणि मग दर वर्षी इंग्रजी प्रावीण्याची वेगळी परीक्षा लागते. न्यूयॉर्कमध्ये नायसेस्लॅट, कॅलिफोर्नियात एलपॅक, अनेक राज्यांत विडा ॲक्सेस.

ही परीक्षा वाचन-गणिताच्या चाचण्यांच्या पंक्तीत बसत नाही. कॅलिफोर्नियातील ६०६१५ कलमाची सूटही एलपॅकला लागू होत नाही. इंग्रजीच्या जादा तासांना नको म्हणण्याचा पालकांना अधिकार आहे, पण तास नाकारले तरी वार्षिक परीक्षा सुटत नाही; त्या वर्गवारीतून बाहेर पडण्याचा रस्ताच त्या परीक्षेतून जातो. म्हणून मुलाला तिच्यासाठी नीट तयार करावे, आणि ती देऊन एकदा मोकळे व्हावे. पाच वर्षांचे मूल अनोळखी बाईंसमोर लाजून गप्प बसले एवढ्यानेही प्राथमिक चाचणीत पातळी खाली येते. तसे झाले असे वाटत असेल, तर फेरतपासणीची काय सोय आहे ते लगेच विचारावे. या कटकटीला कंटाळून पत्रकात ‘इंग्रजी’ लिहा असा सल्ला काही जण देतात. तो मानू नये : तो खोटेपणा तर आहेच, शिवाय मुलाला पुढे खरोखर मदत लागली तर ती मिळणेही लांबते.

नुकतेच अमेरिकेत आलेल्या कुटुंबांसाठी एक सवलत आहे. येथील शाळेत बारा महिने पूर्ण न झालेल्या, इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला इंग्रजी वाचनाच्या राज्य चाचणीतून एकदा सूट देण्याची मुभा राज्यांना आहे. ती नकारात मोडत नाही, त्यासाठी भांडावेही लागत नाही. गणिताच्या परीक्षेला मात्र ही सवलत नाही.

आयईपी असलेल्या मुलांचे काय?

आयईपी म्हणजे अपंग किंवा विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने लेखी आखलेली वैयक्तिक शिक्षण योजना. ती आहे म्हणून परीक्षा आपोआप टळत नाही. परीक्षेत कोणत्या सोयी मिळतील, जसे जादा वेळ, वेगळी खोली, प्रश्न वाचून दाखवणे, हे आयईपीच्या बैठकीत ठरते आणि ते लिहून घेतले पाहिजे. अतिशय गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी पर्यायी परीक्षा असते. तिच्यावर राज्यभरातील विद्यार्थ्यांच्या १ टक्क्याची मर्यादा आहे. या मुलांच्या पालकांपुढचा पेच खरा आहे. तासन्‌तास परीक्षेला बसवणे म्हणजे मुलाचे हाल, आणि दुसरीकडे ‘या मुलांनाही शिकवलेच पाहिजे’ असे शाळेला सुनावणारा एकमेव आकडाही याच परीक्षेतून येतो. त्यांनी कोणताही निर्णय घेतला तरी बाहेरच्यांनी त्यांना प्रश्न विचारू नयेत असे मला मनापासून वाटते.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर परिणाम होतो का?

राज्य चाचणी देणे-न देणे ही शाळा आणि पालक यांच्यातील बाब आहे. व्हिसाशी किंवा ग्रीन कार्डाशी तिचा संबंध नाही. मुलाच्या शैक्षणिक नोंदींना १९७४ च्या फर्पा कायद्याचे संरक्षण आहे, आणि त्या नोंदी पाहायला मागितल्यास शाळेला ४५ दिवसांच्या आत दाखवाव्या लागतात. परीक्षेच्या दिवशी मुलाला घरी ठेवणे मात्र टाळावे. ती गैरहजेरी धरली जाते, आणि नंतर शाळा पुरवणी परीक्षेच्या दिवशी पुन्हा बसवू पाहते.

इतर मुले परीक्षा देत असताना आपले मूल काय करते?

याचे उत्तर आधी, आणि लेखी घ्यावे. आम्ही घेतले नव्हते. माझी मुलगी चौथीत होती. त्या सकाळी तिला त्याच वर्गात, तिच्याच बाकावर, रिकाम्या टेबलासमोर बसवले. पुस्तक वाचायला परवानगी नव्हती, चित्र काढायला नव्हती. दाराच्या काचेवर बाहेरच्या बाजूने ‘परीक्षा सुरू आहे, शांतता राखा’ असा कागद चिकटवला होता; आतून त्याची अक्षरे उलटी, फिकट दिसत होती. दीड तास ती ती उलटी अक्षरे वाचत बसली. घरी आल्यावर तिने वहीवर तो सगळा मजकूर उलट्या अक्षरांत, एकही चूक न करता लिहून दाखवला आणि विचारले, “मी काही चुकीचं केलं होतं का?” परीक्षेने तिची जितकी झोप उडाली असती, त्याहून अधिक ती त्या प्रश्नाने माझी उडाली.

अमेरिकेत या प्रकाराला ‘सिट अँड स्टेअर’ म्हणतात. अनेक डिस्ट्रिक्टनी तो सोडून दिला आहे, पण सर्वांनी नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही महिनाभर आधी विचारले, आणि तिला चार मुलांबरोबर ग्रंथालयात बसता आले. वागणूक बदलायला एक ईमेल पुरला, ही गोष्ट मला अजूनही लागते, कारण ती आदल्या वर्षीही पाठवता आली असती.

या चाचण्यांचा काहीच उपयोग नाही, असे तुमचे मत आहे का?

नाही. २०१५ च्या मे महिन्यात एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेसह बारा राष्ट्रीय नागरी हक्क संघटनांनी चाचण्या नाकारण्याच्या मोहिमेला जाहीर विरोध केला. गरीब, कृष्णवर्णीय, अपंग आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांकडे शाळा दुर्लक्ष करतात हे सिद्ध करायला आमच्याकडे दुसरा पुरावाच नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. हा युक्तिवाद मला खोडता येत नाही. नकार देणाऱ्यांमध्ये सुस्थित उपनगरांतील कुटुंबे जास्त असतात, आणि आपली बहुतेक मराठी कुटुंबे अशाच उपनगरांत राहतात.

पण राज्याला शाळांचे चित्र हवे असणे वेगळे, आणि माझ्या मुलीला आत्ता कोणती मदत हवी ते कळणे वेगळे. वसंतात दिलेल्या परीक्षेचा निकाल अनेकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा नवा वर्ग सुरू झाल्यावर हाती येतो. तोवर शिक्षिका बदललेल्या असतात. तिला अपूर्णांक का अडतात हे त्या कागदावरून कळत नाही. ते वर्गशिक्षिकांशी पंधरा मिनिटे बोलल्यावर कळले. माझा मुलगा मात्र परीक्षेच्या दिवशी शिट्टी वाजवत जायचा आणि येऊन काय जेवायचे ते विचारायचा. त्याला थांबवण्याचे मला काहीच कारण नव्हते. मुलगी पंधरा दिवस आधीपासून पहाटे उठून पोट दुखते म्हणायची, आणि शाळेत विज्ञानाच्या तासाऐवजी सरावाच्या पत्रिका सुरू झालेल्या असायच्या. नकार तिच्यासाठी होता, आणि त्या पत्रिकांसाठीही.

पत्रात काय लिहावे?

चार-पाच वाक्ये पुरतात. मुलाचे पूर्ण नाव, इयत्ता, वर्गशिक्षिकांचे नाव. कोणत्या वर्षीच्या, कोणत्या परीक्षेला बसवू नये ते नेमके. पुरवणी परीक्षेच्या दिवशीही बसवू नये हे स्पष्ट. त्या वेळेत मूल कोठे असेल आणि त्याला वाचायला मिळेल का ही विचारणा. आणि पत्र मिळाल्याची पोच द्यावी ही विनंती. राज्याचा ठरावीक अर्ज असेल तेथे तोच भरावा. पत्र प्रिन्सिपलना पाठवावे आणि वर्गशिक्षिकांना प्रत द्यावी, म्हणजे परीक्षेच्या सकाळी त्यांची धावपळ होत नाही. शिक्षकांवर राग काढू नये. बहुतेकांना ही परीक्षा त्यांच्या इच्छेविरुद्धच घ्यावी लागते. एका वर्षाचे पत्र पुढच्या वर्षी चालत नाही असे धरून चालावे. ओरेगनसारख्या राज्यात तर अर्ज दर वर्षी नव्याने भरावाच लागतो.

आणि मुलाचे स्वतःचे मत?

ते आधी विचारावे. तिसरीतल्या मुलालाही आपल्याला कशाची भीती वाटते हे सांगता येते, फक्त ते ऐकून घेताना आपण मध्येच उत्तर द्यायचे नसते. वर्गातील सगळे परीक्षा देत असताना वेगळे पडणे काही मुलांना परीक्षेपेक्षा जड जाते. सहावीत गेल्यावर माझ्या मुलीने सांगितले की या वर्षी तिला बसायचे आहे, कारण तिच्या दोन्ही मैत्रिणी बसणार होत्या आणि प्रश्न कसे असतात ते तिला पाहायचे होते. त्या वर्षी आम्ही पत्र पाठवले नाही.